मैमुनाखालाच्या कारकुनाचं पोट

इथे आखातात, आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत सगळे सांगतात, मैमुनाखालाच्या बाल्कनीत ममी आहे. साफ खोटं. ती फायबरग्लासची राणी आहे. साच्यातून वाकडी निघाली म्हणून खालाने घरी आणली, आणि तिच्या खांद्यांवर दुपट्टे वाळतात.

दाभोळची ही माझी खाला, म्हणजे मावशी, हमरियाच्या एका वर्कशॉपमध्ये हॉटेलांसाठी मिसरी, म्हणजे जुन्या इजिप्तच्या धाटणीचे पुतळे बनवते. बोलते मात्र अशी, जशी काही फेरोच्याच पगारावर आहे. “राजा कसा, गो? बसलेला, हात गुडघ्यांवर. नोकर सदा कामात. जेवढा मोठा माणूस, तेवढा कमी हलतो.”

परवा सुट्टी होती म्हणून तिच्याबरोबर गेले, तर तिथे रणकंदन. लॉबीसाठी खालाने मांडी घालून लिहीत बसलेला कारकून घडवला होता, पोटाला तीन वळ्या. महिन्याचं काम. सुपरवायझर नीरवसर म्हणाले (नाकातून, भुवया कपाळात), “खाला, गेस्ट लोक जिमला जातात. चार वाजता पोट ग्राइंड करा, खलास.” खालाचं म्हणणं, वळ्या हाच त्याचा हुद्दा. लिहिता येतं त्याला ओझी वाहावी लागत नाहीत, बसून खातो, ते पोटावर दिसतं. सपाट केलं की उरला हमाल.

आता एकच उपाय, तीनला येणाऱ्या हॉटेलमालकाला गाठायचं. पण त्याला कधी पाहिलंय कोणी?

तिघे आले. एक सुटातला, दोन फोन, नुसते हातवारे. दुसरा त्याच्यामागे फाइल घेऊन पळणारा. तिसरा चुरगळलेल्या टी-शर्टात, आल्या आल्या खोक्यावर बसला तो बसलाच. नीरवसर सुटाभोवती घिरट्या घालत होते. मी खालाच्या कानात सांगितलं, सूटवालाच मालक, लाव पैज. हरले तर तू म्हणशील त्या पोझमध्ये पुढच्या पुतळ्यासाठी बसेन.

खाला सरळ खोक्याकडे गेली.

“सेठ, इसका पेट काट रहे हैं. पेट गया तो इसकी नौकरी गई.”

त्याने कारकुनाचं पोट पाहिलं. मग मान खाली घालून स्वतःचं पाहिलं. बराच वेळ.

“रहने दो,” तो म्हणाला, आणि सूटवाल्याचे दोन्ही फोन खिशात गेले. येस सर, येस सर.

तेव्हापासून रोज तासभर मी चूल फुंकणारी मिसरी मोलकरीण आहे. गुडघे टेकलेले, गाल फुगवलेले, झळ लागू नये म्हणून एक हात तोंडाआड. बोलायला बंदी. खाला मान तिरकी करून बघते आणि म्हणते, “अजून वाक, गो.”