भरायचा राहिलेला फॉर्म

तो खेळ माझ्या मोबाइलमध्ये माझ्या मुलीने टाकून दिला, आणि तोही माझ्याच सांगण्यावरून. आम्ही बोईसरला राहतो. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात शिफ्टला असतो, आणि मी मासवणच्या पुढे, डोंगराच्या बाजूला, एका पाड्यावरच्या शाळेत शिकवते. माहेर-सासर दोन्ही सांगलीकडचं. सकाळी बोईसरहून पालघर, तिथून मनोरच्या रस्त्याने शेअरची इको गाडी आणि शेवटचा तुकडा पायी. गाडी भरेपर्यंत पालघरला अर्धा-अर्धा तास नुसतं बसून राहावं लागे. म्हणून मी मुलीला म्हटलं, "डोकं चालवावं लागणार नाही असा एखादा खेळ दे गं मला."

तिने शेतीचा खेळ दिला. मोबाइलवर एक लहानसं शेत. गहू पेरायचा, तो दोन मिनिटांत तयार. मका पाच मिनिटांत. भोपळ्याला तीन तास. पीक काढायचं, गाडीत भरायचं, बदल्यात नाणी मिळायची, नाण्यांतून कोंबड्या घ्यायच्या. शेतकऱ्याची नात मी, मला हसूच आलं. पहिले आठ-दहा दिवस मी फक्त गाडीत खेळले. मग भोपळा नेमका तिसऱ्या तासिकेला तयार व्हायला लागला.

हे असं लिहिलं की विनोदी वाटतं. तेव्हा त्यात विनोद नव्हता. मुलांना शुद्धलेखन घालायचं आणि टेबलाखाली मोबाइल धरून भोपळे काढायचे. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून मी कोंबड्या मोजत असे. डाळ दोनदा करपली. मुलीला मात्र दिवसाला एक तासच मोबाइल, हा माझाच नियम. तो तास संपला की मी तिच्या हातातून मोबाइल काढून घ्यायचे आणि माझा घेऊन गॅलरीत जायचे. एकदा ती म्हणाली, "आई, तुझा तास कधी संपतो?" मी तिच्यावर ओरडले.

पुढे त्या खेळात एक संघ मिळाला. तीस अनोळखी माणसं, कुठली-कुठली. दर आठवड्याला दुसऱ्या संघांशी शर्यत. आपण कमी पडलो तर तीस जण मागे पडणार, अशी जबाबदारी वाटायला लागली. जबाबदारी हाच शब्द माझ्या मनात यायचा, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्या वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. पाड्यावरचीच, डोंगराच्या उतारावर थोडी भाताची जमीन असलेल्या घरातली. पाऊस संपला, भात निघालं की आई-बाप तिला घेऊन वीटभट्टीवर जायचे ते होळीनंतरच परतायचे. मुलगी गणितात अशी होती की मी फळ्यावर उदाहरण लिहून होईपर्यंत तिचं उत्तर आलेलं असे. एकदा तिने शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशा मोजल्या, एक फरशी पट्टीने मोजली आणि मला येऊन व्हरांड्याचं क्षेत्रफळ सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

तिनेच एकदा मधल्या सुट्टीत माझ्या खांद्यामागून मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. पिवळंधमक पीक, पुन्हा पेरलं, पुन्हा पिवळंधमक.

"बाई, तुमच्या शेताला पाणी कुठून येतं?"

"खेळ आहे गं तो. पाणी लागत नाही."

"मग चांगलंय," म्हणाली आणि गेली.

सहावीपासून मुलांना ठेवून घेणारी एक सरकारी निवासी शाळा आहे. तिची प्रवेश परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते. मीच तिच्या बापाला शाळेत बोलावून समजावलं. पोरगी नक्की लागेल, राहणं-खाणं सगळं तिथेच, बारावीपर्यंत काळजी नाही. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "परीक्षा कवा हाय?"

"जानेवारीत."

"मग यंदा तिला भट्टीवर नाय नेत. मावशीकडं ठेवतो हिथंच. तुमी शिकवा."

फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. मुख्याध्यापकांनी शाळेतल्या दुसऱ्या दोन मुलांचे फॉर्म भरले. हिचा मी म्हटलं मी भरते, माझ्याच वर्गातली आहे. कागद माझ्या पिशवीत आले तेव्हा शेवटच्या तारखेला अकरा दिवस होते. फोटो, दाखला, आधार, सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेलं. अर्ध्या तासाचं काम. रोज संध्याकाळी मी तो फोल्डर पिशवीतून काढून टेबलावर ठेवत असे, म्हणजे विसरायला नको. मग मोबाइल हातात घेत असे, फॉर्म भरण्यासाठीच. आणि मोबाइल उघडला की आधी शेत. झोपताना फोल्डर परत पिशवीत.

शेवटचा दिवस शनिवार होता. संध्याकाळी सहापर्यंत मुदत. शुक्रवारीच मी तिच्या बापाला सांगून ठेवलं होतं, "उद्या बारानंतर तुमच्या मोबाइलवर सहा आकडे येतील. ते मला लगेच फोन करून सांगायचे. रेंजमध्ये थांबा." त्यांच्या घराशी रेंज नाही. ती मिळते पाड्यामागच्या टेकडीवर, तेही वर गेल्यावर. भातकापणी ऐन भरात होती, पण तो म्हणाला, "थांबतो ना बाई."

शनिवारी सकाळची शाळा. बाराच्या सुमारास मी पालघरला पोचले. नेट उत्तम होतं. स्टँडच्या बाकावर बसून फोल्डर मांडीवर घेतला आणि मोबाइल उघडला. संघाची शर्यतही त्याच दिवशी संपत होती आणि आम्ही दुसऱ्या क्रमांकावर होतो. म्हटलं, एक फेरी, मग फॉर्म. बोईसरला घरी आले तेव्हा दोन वाजले होते. नवरा ड्यूटीवर, मुलगी क्लासला. जेवले. म्हटलं, आता अंग टाकून पाच मिनिटं. आम्ही पहिल्या क्रमांकावर आलो, परत दुसऱ्या, परत पहिल्या. मी त्या जागेवरून उठले नाही. तहान लागली तरी पाण्याला उठले नाही.

मोबाइलवर वेळ पाहिली तेव्हा पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

साइट उघडली. शेवटचा दिवस, सगळेच भरत असणार. पान नुसतं गरगर फिरत राहिलं. नाव, जन्मतारीख, शाळा. पावणेसहाला पडद्यावर आलं, पालकाच्या मोबाइलवर क्रमांक पाठवला आहे, तो इथे भरा. मी वाट पाहिली. फोन नाही. मी लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा क्रमांक पाठवला. पुन्हा फोन लावला. बाहेर. सहा वाजले, आणि पान आपोआप बदललं. मुदत संपली आहे.

वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. धापा टाकत होता.

"बाई, आकडे आले, आकडे आले. दुपारधरून वरच बसलो होतो. ढग भरून आले, कापलेलं भात उघडं, म्हणून जरा खाली गेलो. लिहा. सांगू?"

मी "नको" म्हणाले नाही. मी म्हणाले, "सांगा."

तो एकेक आकडा थांबून-थांबून सांगत गेला, प्रत्येक आकड्यानंतर "लिवला?" असं विचारत. आणि मी वर्तमानपत्राच्या कडेला ते सहाही आकडे लिहून घेतले. मग म्हणाले, "बघते हं मी."

सोमवारी मी खोटं बोलले. मुख्याध्यापकांना सांगितलं, साइट बंद पडली होती. ते म्हणाले, "हो, शेवटच्या दिवशी असंच होतं." मधल्या सुट्टीत तिचा बाप आला, त्यालाही तेच सांगितलं. तो दाराशी उभा होता. मग मलाच धीर द्यावा तसं म्हणाला, "तुमी तरी काय करणार बाई. मशीनचा काय भरवसा." त्याच्या हातात पिशवी होती. काम झालंय असं समजून शेतातल्या काकड्या घेऊन आला होता. त्या त्याने परत नेल्या नाहीत, टेबलावर ठेवल्या. घरी त्या मला चिरवेनात. माझ्या मुलीने कोशिंबीर केली आणि म्हणाली, "आई, काय गोड आहेत!"

त्या रात्री मी खेळ काढून टाकला. चार दिवसांनी पुन्हा घेतला. हे सांगायला हवं, कारण असं काही घडल्यावर माणूस शहाणा होतो असं मला आधी वाटायचं. मी झाले नाही. उलट, वर्गात त्या मुलीकडे बघायला नको म्हणून मी मोबाइलमध्ये जास्तच बघायला लागले.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा ती आली नव्हती. मुलांनी सांगितलं, वसईच्या बाजूला भट्टीवर गेली आई-बापांबरोबर. परीक्षाच नाही तर मावशीकडे ठेवायचं कारण उरलं नव्हतं. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजर लिहीत गेले.

जानेवारीत मुख्याध्यापक म्हणाले, आपली दोन मुलं परीक्षेला आहेत, केंद्रावर तुम्ही घेऊन जा. मी घेऊन गेले. परीक्षा सुटल्यावर त्या दोघांपैकी एक जण धावत आला आणि म्हणाला, "बाई, गणितं सोपी होती!" पुढे म्हणाला, "तिला तर सगळी आली असती." त्याच्या मनात काही नव्हतं. मी त्यांना भजी घेऊन दिली आणि तोंड फिरवून उभी राहिले.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. अकरा दिवस, शर्यत, सहा आकडे, सगळं. तो समजूत घालेल असं मला आत कुठेतरी वाटत होतं. त्याने घातली नाही. म्हणाला, "हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग." आणि पुढच्या रविवारी त्यानेच गाडी काढली.

भट्टी शोधायला दुपार झाली. मुलगी ओळींमध्ये बसून ओल्या विटा उभ्या करत होती, एका बाजूने सुकल्या की त्या कुशीवर वळवायच्या असतात. मला बघून ती उठली, हात फ्रॉकला पुसले आणि हसली. "बाई, तुमी?" तिची बोटं मातीने पांढरी पडून चिरली होती. तिने आई-बापाला हाक मारली. आईने मला बसायला पाट दिला, आणि मी त्यावर बसले नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. साइट बंद नव्हती. मी मोबाइलवर खेळत बसले होते. तुम्ही आकडे सांगितलेत तेव्हा मुदत संपली होती आणि ते मला माहीत होतं.

बापाला पहिल्यांदा कळलंच नाही. "म्हंजे कसला खेळ?" त्याने विचारलं. मी सांगायला लागले आणि मला पुढे बोलता येईना. मुलीनेच त्याला सांगितलं, हळू आवाजात, "शेतीचा."

तो म्हणाला, "मी बारापासनं बसलो होतो, बाई." एवढंच. रागाने नाही. जणू त्या दिवसाचा हिशोब त्याला आता कुठे लागत होता.

बोलली ती आई. "खोटं कशाला सांगितलं?" तिने विचारलं. "तवाच सांगायचं होतं. आमी काय तुमाला मारलं असतं? बाईंनी झालं नाय म्हटलं, की आमी म्हटलं आपल्या पोरीचं नशीबच नाय. पोरगीपन तसंच धरून बसली. तुमची चूक हाय म्हटलं असतं तर तिला मावशीकडं ठेवली असती, शाळा तरी चालली असती."

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. मला वाटत होतं, फॉर्म हुकला तेवढीच माझी चूक. खोट्याने दुसरं काय नेलं ते मला त्या विटांच्या रांगेत उभी राहून कळलं.

मी म्हटलं, अजून मावशीकडे ठेवा, मी रोज शाळा सुटल्यावर एक तास तिला शिकवेन, मागचं सगळं भरून काढेन. आईने मुलीला विचारलं, "जाशील?" मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. म्हणाली, "जाते. पन शाळंसाठी."

आठ दिवसांनी ती मावशीकडे आली. ती परीक्षा पुन्हा देता येत नाही. तिचं वय आणि इयत्ता दोन्ही पुढे गेली. ती आता आमच्याच शाळेत सातवीत आहे, शाळा सातवीपर्यंतच आहे. नववीला त्या निवासी शाळेतल्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते असं मी चौकशी करून आले आहे. ती होईल का, लागेल का, मला माहीत नाही. मुख्याध्यापकांनाही मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, होतं माणसाकडून." मला ते बरं वाटलं नाही.

खेळ आता माझ्या मोबाइलमध्ये नाही. मध्ये आणखी दोनदा येऊन गेला. गाडी भरेपर्यंत बसावं लागतं तेव्हा अंगठा अजूनही जागच्या जागी हलतो, आणि मी मोबाइल पिशवीत तळाशी टाकून खिडकीबाहेर बघत राहते.

शाळा सुटल्यावरचा तास चालू आहे. मुलगी वेळेवर येते, गणितं सोडवते, वही मिटते. मी शाबासकी दिली की मान हलवते. न विचारता येऊन काही सांगणं मात्र तिने सोडलं आहे. गेल्या आठवड्यात मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी आठवीच्या शाळेचे कागद लागतील, आणून दे, मी बघते. ती म्हणाली, "नको बाई. बाबा स्वतः जाणार हाय पालघरला."

मी बरं म्हटलं आणि पुढचं उदाहरण घातलं.