दारावरचं तोरण

खातीपुऱ्यात आमच्या भाड्याच्या घरावरच्या एकमेव खोलीत साताऱ्याहून इकडे हिंदी मुलखात बदलून आलेले बँकेतले साहेब राहायचे. खोलीभर कठपुतळ्या आणि आरसेकामाच्या चादरी. बसायला जागा उंबऱ्यावरच. 'घराला कॅरेक्टर पाहिजे हो,' हे त्यांचं वाक्य चहाच्या आधी यायचं, कधी चहाऐवजी.

दारावर त्यांनी कवड्या-गोंड्यांचा जुना लोकरी पट्टा तोरण म्हणून बांधला. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी घरमालक आले. ते जवळच्या बस्सी गावचे, घरी उंट पाळलेले.

"साहब, ये तो ऊँट की पूँछ के नीचे बाँधते हैं!"

मी हसू दाबलं. साहेबांचा चेहरा मात्र उजळला.

"मतलब, वापरलेलं आहे! अस्सल!"

तेव्हापासून ते प्रत्येक पाहुण्याला आधी त्याचा वास घ्यायला लावायचे. मीही घेतला, आणि 'वा' म्हणालो.