सगळं मान्य

च्वेलेच्या बाजारात ज्याला पोटातली गोष्ट चारचौघांत जाऊ द्यायची नसे, तो नाखुमिचाच्या सायबर कॅफेत जाई. माझं शिलाई मशीन तिच्याच ओसरीवर, तिच्या दाराला लागून. त्यामुळे आत कोण गेलं आणि कसल्या तोंडानं बाहेर आलं, हे मला बसल्या जागी दिसायचं. आत काय झालं ते मात्र कधी कळलं नाही. मी काही गप्प बसणारी बाई नव्हे, खोदून खोदून विचारायची. ती एवढंच म्हणायची, "सिफुनाची आई, तुमची सुई चालवा." मला रागही यायचा आणि बरंही वाटायचं, कारण माझीही एक-दोन कामं तिनं केली होती.

तिचा नवरा नाकुरूला ट्रक घेऊन गेला तो तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. रडण्यात वेळ न घालवता तिनं घरातली गाय विकून जुने कॉम्प्युटर आणले. ओळखपत्राचा अर्ज, परीक्षेचा निकाल, कराचा कागद, सगळ्याला हल्ली इंटरनेट लागतं. अर्ध्या गिऱ्हाइकांना इंग्रजी वाचता येत नसे, आणि उरलेली येतं असं दाखवत. नाखुमिचा त्यांना शेजारी बसवून घ्यायची, विचारायची, आणि स्वतः टाइप करायची. कुणाला कसला आजार, कुणाची पोर नापास, कुणाचा मुलगा आखाती देशात अडकलाय, सगळं तिच्या पोटात. बाजार म्हणायचा, नाखुमिचाच्या तोंडाला कुलूप आहे. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? दुसरं होतं काय तिच्याकडे?

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे ईमेल माणसाचा नसतो, घराचा असतो, पाण्याच्या पिंपासारखा. घराला एकच, कर्त्या पुरुषाच्या नावाचा, त्याच्याच फोनवर चालणारा. बायकापोरांनी लागेल तेव्हा वापरायचा. तो उघडून देते नाखुमिचा आणि त्याचा पासवर्ड राहतो नाखुमिचाच्या डोक्यात.

आणि दुसरी गोष्ट. कुठलंही पान उघडलं की खालून एक पाटी वर येते. आम्ही कुकीज ठेवतो, तुम्ही काय बघता त्याचा माग ठेवतो, चालेल ना? 'सगळं मान्य' हे हिरव्या रंगात, ठसठशीत. नाही म्हणायचं तर कोपऱ्यातली बारीक अक्षरं शोधा, मग दुसरं पान, मग एकेक खूण काढत बसा. सायबरमध्ये पैसे मिनिटावर. गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, ते मधलं काय ते घालवा आधी. म्हणून नाखुमिचा बघायचीसुद्धा नाही, टिचकी मारून मोकळी व्हायची. सगळ्यांसाठी हो. ही तिची माया होती, गरिबाचं मिनिट वाचवायची.

नेलिमा आली ती बाजाराच्या दिवशी, नवरा गिऱ्हाइकांत गुंतलेला असताना. मकोखा खाटकाची बायको ती. शेवटच्या बाळंतपणात तिच्या अंगातलं रक्त थांबता थांबत नव्हतं. सुईणीनं बजावलं होतं, पुन्हा दिवस गेले तर तू वाचायची नाहीस. मकोखाला आणखी एक मुलगा हवा होता. सुईणींना काय कळतं, म्हणाला.

बुंगोमाच्या एका दवाखान्यात दंडात काडी बसवून देतात, पाच वर्षं दिवस जायची काळजी नाही, असं नेलिमानं कुठूनसं ऐकलं होतं. नाखुमिचानं पान उघडलं. त्याच सकाळी मकोखाच्या दुकानाच्या परवान्याचा अर्ज भरला होता, त्यामुळे घरचा ईमेल त्या कॉम्प्युटरवर उघडाच होता. कुणाच्या लक्षात यावं? खालून पाटी आली, नाखुमिचानं टिचकी मारली. पुढच्या आठवड्यात गणवेशाचं कापड आणायला म्हणून नेलिमा बुंगोमाला गेली आणि दंडात काडी घेऊन आली. कापडही आणलं. ते मीच शिवलं, तिच्या थोरल्या लेकीसाठी, नामालवासाठी.

मकोखा दुकानात तराजूला फोन टेकवून फुटबॉल लावायचा, म्हणजे गिऱ्हाईक रेंगाळतं. त्या फोनवर खेळ थांबला की बाही वर केलेली एक बाई हसायला लागली. पाच वर्षं निर्धास्त राहा, बुंगोमाला या. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. मग जेव्हा बघावं तेव्हा तीच. बरासा नावाचा बोडावाला, मोटरसायकलवर भाडी मारणारा, गाडी टेकवून म्हणाला, "मकोखा, तुझ्या घरातलं तुझ्यापेक्षा तुझ्या फोनला जास्त ठाऊक दिसतंय."

बाकीचे हसले. मकोखा हसला नाही. त्यानं दुकान लवकर बंद केलं. घरी जाऊन नेलिमाचा दंड हातात घेतला आणि अंगठ्यानं दाबून बघितला. ती मला म्हणाली, "मारलं नाही हो. मांस ताजं आहे का बघतात ना, तसं दाबलं." काडी लागली हाताला.

दुसऱ्या दिवशी ती सिरिसियाला माहेरी. मुलं इथेच, कारण आमच्यात मुलं बापाची. तिनं त्यांना भेटायला यायचं नाही, असं मकोखानं दारात उभं राहून सांगितलं. धाकटं अजून अंगावर पीत होतं. मला त्या माणसाचं मटण आजही घशाखाली उतरत नाही.

एवढ्यावर भागलं नाही. मकोखानं वडीलधाऱ्यांची बैठक बोलावली. बायको दवाखान्याचं बघायला नाखुमिचाकडे गेली होती, तिथेच कुणीतरी दुसऱ्याच्या कानी घातलं, नाहीतर गोष्ट बाहेर फुटली कशी? नाखुमिचानं जीव तोडून समजावलं. ईमेल, माग, जाहिरात. तिचं तिलाच नीट जुळवता येत नव्हतं. म्हातारे खाएंबा शांतपणे म्हणाले, "पोरी, लोखंडाला तोंड नसतं. तोंड बाईला असतं." मी उठून म्हटलं, हिनं इतक्या वर्षांत मलासुद्धा कधी काही सांगितलं नाही. तर लोक हसले. तुला सांगितलं असतं तर बैठकीची गरजच पडली नसती, म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण खोटं काय होतं त्यात?

बैठकीहून आल्यावर नाखुमिचानं दार लावून घेतलं नाही. भर दुपारी बसली आणि दवाखान्याच्या पानाखालचा तो लांबलचक मजकूर पहिल्यांदा वाचला. मला मोठ्यानं वाचून दाखवला. सगळं लिहिलेलं होतं. काय बघितलं ते कुणाकुणाला देणार, त्या कंपन्यांची नावं संपता संपेनात. काहीच लपवलेलं नव्हतं. "आपण हो म्हटलंय," ती म्हणाली. "मी म्हटलंय. माझ्या बोटानं." जन्मभर तोंड सांभाळलं बाईनं, आणि बोलून गेलं ते बोट.

तेव्हापासून ती प्रत्येक पाटी वाचायला लागली. बारीक अक्षरं शोधायची, एकेक खूण काढायची, गिऱ्हाइकाला विचारायची, हे चालेल का, ते चालेल का. लोक वैतागले. एक तर बाई बाहेर बोलते, वर वेळही खाते. पेट्रोल पंपाजवळ नवा सायबर निघालाय, तिथला माणूस बघतसुद्धा नाही, झटपट हो म्हणतो. आता सगळे तिकडे जातात. तिच्या खुर्च्यांवर माझी कापडं पडलेली असतात.

सत्राच्या शेवटी शाळेनं निकाल आणि मुलांचे फोटो आपल्या पानावर टाकले. नेलिमा सिरिसियाहून चालत आली, मागच्या वाटेनं, मकोखाच्या दुकानावरून यायला नको म्हणून. पान उघडलं, तशी खालून पाटी आली. इथे बारीक अक्षरंही नव्हती. हिरवं बटण तेवढं होतं. नाखुमिचानं माउसवरचा हात काढून घेतला. कुणासाठी आपण दाबत नाही आता, म्हणाली.

"नाही म्हटलं तर?" नेलिमानं विचारलं.

"तर पान उघडत नाही."

"आणि हो म्हटलं तर मी इथं बसले होते हे त्याला कळेल?"

"घरचा ईमेल मी काढलाय. मशीन पुसलंय. पण मला माहीत नाही गं. खरंच माहीत नाही."

नेलिमानं कमरेच्या कापडाच्या टोकाला बोट पुसलं आणि दाबलं. तिसऱ्या ओळीत नामालवा उभी होती. केस अगदी बारीक कापले होते, अंगात मी शिवलेला गणवेश. कॉलर मी ओळखली. नेलिमा स्क्रीनजवळ सरकली.

फोटोच्या खाली बाही वर केलेली तीच बाई हसत होती. नाखुमिचानं हात पुढे केला आणि स्क्रीनवरच्या त्या बाईवर तळवा ठेवला, आणि नेलिमाचं बघून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.