जितमानने पाळलेलं सुतक

जितमान घर्ती आठ वर्षांचा असताना त्याला मीत, म्हणजे विधीने जोडलेला सोबती, मिळाला. लोहाराचा मनिराम त्याच्या जन्माच्याच दिवशी जन्मलेला, दोघंही सारखे आजारी पडायचे. देवऋषी म्हणाला, "यांचं मीत लावून द्या, एकाचं आयुष्य दुसऱ्याला आधार देईल." अंगणात दोघांना समोरासमोर बसवलं, टिळे लावले, टोप्या बदलल्या. तेव्हापासून एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. दोन शेंबडी पोरं "मीतज्यू, तुमची बकरी आमच्या मक्यात शिरली" असं अदबीनं बोलत आणि लगेच गुद्द्यांवर येत. मीत गेला, तर सख्ख्या भावाचं सुतक पाळायचं.

विसाव्या वर्षी जितमान राजाच्या फौजेत लागला. मक्याच्या पिठाच्या घट्ट ढिंडोवर जगणाऱ्या घरात अधूनमधून भात शिजू लागला. मनिराम भात्यापाशी राहिला. ज्यांचे विळे तो पाजळून द्यायचा, ते त्याला ओसरीवर पाय ठेवू देत नसत. मग बंडखोर गावात आले आणि म्हणाले, "आत ये, बस." तो त्यांच्याबरोबर रानात निघून गेला.

एकदा जितमान रजेवर आला असताना दोघं पाणवठ्याखाली चोरून भेटले.

"केस किती कापलेत हो मीतज्यू! सोललेल्या कोंबडीसारखे दिसता."

"आणि तुमच्या दाढीत उवांनी घरटं केलंय, त्याचं काय?"

मनिराम हसला. निघताना म्हणाला, "फूलमतीकडे लक्ष असू द्या." फूलमती त्याची बायको. लग्नाला वर्ष झालं नव्हतं.

त्या वर्षीचा पाऊस सुरू झाल्या झाल्या बंडखोरांनी जितमानच्या ठाण्यावर हल्ला केला. रात्री चार तास तो वाळूच्या पोत्यांआडून अंधारात गोळ्या झाडत होता. उजाडलं तेव्हा तारेपलीकडे सात मृतदेह पडले होते. कप्तानाने या भागातल्या जवानांना पुढे बोलावलं.

"नावं सांगा. नाव कळलं की घर सापडतं, आणि घर सापडलं की घरच्यांना बोलतं करता येतं."

तिसरा मनिराम होता. ठिणगीने जळलेली डावी भुवई लहानपणापासून अर्धीच होती.

"ओळखतोस?"

"नाही साहेब."

"नीट बघ."

"नीटच बघितलं साहेब."

नाव सांगितलं, तर जवान म्हाताऱ्या लोहाराच्या आणि फूलमतीच्या दारात जाणार. नाही सांगितलं, तर ती जन्मभर वाट बघत बसणार. जितमानने मान खाली घातली. खड्डा खणायला मात्र तो न सांगता पुढे झाला.

त्या दिवसापासून त्याने बूट घातले नाहीत. सुतकात अंगाला कातडं लागू द्यायचं नसतं. पायात कापडी जोडे, पट्ट्याच्या जागी सुतळी. बाजूला बसून तो एकदाच जेवायचा.

"काय रे, राजाचे बूट चावतात वाटतं?" हवालदार खगेंद्रने विचारलं.

"पायाला चिखल्या झाल्यात, दाजू."

"आणि कमरेलाही झाल्या का?"

सगळे हसले. पण संध्याकाळी खगेंद्र जवळ येऊन हळूच म्हणाला, "घरचं कोण गेलं? पत्र तर महिनाभर कुणालाच नाही."

जितमान कमरेच्या सुतळीची गाठ आवळत राहिला. खगेंद्रने तारेपलीकडच्या ओल्या मातीकडे पाहिलं.

"चिखल्याच असतील," तो म्हणाला. "कप्तानाने विचारलं तर मलम मी दिलंय म्हण."

गावोगाव झडती घेत आठव्या दिवशी तुकडी जितमानच्याच गावात शिरली. कप्तान लोहाराच्या भात्यासमोर थांबला.

"मुलगा कुठाय?"

"भारतात, साहेब. कुठल्याशा इमारतीच्या दारात चौकीदार आहे."

बोलता बोलता म्हाताऱ्याची नजर बुटांच्या रांगेवरून फिरली आणि कापडी जोड्यांवर थांबली. मग सुतळीवर. जितमानचे आईबाप समोरच्या बांधावर धडधाकट उभे होते, भाऊ त्याला नव्हताच. म्हाताऱ्याच्या हातातली सांडशी खाली आली.

"कितवा दिवस?" त्याने विचारलं.

"काय म्हणतोय हा?" कप्तान वळला.

"ठाण्यातून निघून कितवा दिवस म्हणतोय, साहेब," खगेंद्र घाईने म्हणाला. "म्हातारा आहे."

"आठवा, मीत-बा," जितमान म्हणाला.

लोहाराने मान हलवली आणि घण उचलून ऐरणीवर ठोकायला सुरुवात केली. ऐरणीवरचं लोखंड केव्हाच थंड झालेलं होतं. तुकडी वळणापार जाईपर्यंत तो ठोकत राहिला.

सुनेला त्याने काही सांगितलं नाही. ती रडली असती, रडणं गावाला कळलं असतं आणि गावातून ठाण्याला. दोन हिवाळ्यांनी म्हातारा ते मनातच घेऊन गेला. फूलमती भांगात शेंदूर भरत राहिली.

चार वर्षांनी युद्ध मिटलं. ठाण्याच्या पाटीवरचा 'शाही' हा शब्द कुणीतरी खरवडून काढला. जितमान फौज सोडून घरी आला आणि दुसऱ्या सकाळी फूलमतीच्या अंगणात जाऊन बसला. तिने त्याच्यापुढे ताकाचा पेला ठेवला. त्याने तो बाजूला सारला आणि सगळं सांगितलं.

ती त्याच्यासमोर खाली बसली.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो, मितिनीज्यू."

"सासऱ्यांनाही?"

"हो."

"मग चार वर्षं शेंदूर भरून मी कुणाची वाट बघत होते?"

घर वाचवलं, असं म्हणता आलं असतं. जितमानला ते म्हणवलं नाही.

"गोळी कुणाची होती?"

"अंधार होता. सगळेच झाडत होते."

"तुम्हीही?"

"मीही."

ती उठून आत गेली. जितमान जागचा हलला नाही. ती बाहेर आली तेव्हा तिचा भांग पुसलेला होता आणि गळ्यातली लाल पोत मुठीत होती.

"जागा दाखवा," ती म्हणाली.

ठाणं दोन दिवसांच्या वाटेवर होतं. रस्ता तिला माहीत नव्हता, तरी ती पुढे चालत होती. फाटा आला की थांबायची. जितमान मागून हाताने दिशा दाखवायचा आणि ती पुन्हा चालू लागायची.