झाकून बाळगायचं हत्यार

निवृत्त झालो त्या दिवशी दुपारी मुख्यालयाच्या शस्त्रागारात पिस्तूल जमा केलं आणि संध्याकाळी शाल-नारळ घेऊन मेडशीला घरी आलो. खात्यानं मला एवढ्यावर मोकळं केलं. ज्यांना मी आत टाकलं होतं त्यांनी मला मोकळं केलेलं नव्हतं, पण हे खात्याला कोण सांगणार.

त्यातला एक तर तोंडावर बोलला होता. रेतीची टिप्परं चालवणारा माणूस. तलाठ्याच्या अंगावर टिप्पर घातलं म्हणून मी त्याला धरला. साक्षीदार फितले, तो सुटला, आणि कोर्टाच्या जिन्यात माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "साहेब, वर्दी उतरू द्या. मंग पाहू." त्याचं गाव माझ्या गावाला लागून. माझं शेत-वावर त्याच्या जाण्या-येण्याच्या रस्त्यावर. म्हणजे जिवंत राहायचं तर या माणसाच्या मर्जीवर.

लोकांना वाटतं, पोलीसवाला म्हटला की पिस्तूल जन्माचं. कशाचं काय. वर्दी उतरली की कलेक्टर ऑफिसच्या दारात आपण बाकीच्यांसारखेच अर्जदार. चौकशी, अहवाल, पुन्हा चौकशी. "जिवाला धोका आहे याला पुरावा काय?" असं मला विचारलं. माणूस मेला की मिळतो पुरावा, असं जिभेवर आलं होतं, गिळलं. चपला झिजवल्या, ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांपुढे उभा राहिलो, तेव्हा कुठं परवाना हाती पडला.

सोबत अटी होत्या. बाळगा, पण झाकून. लग्नात नेऊ नका, मिरवणुकीत नेऊ नका, कोणाला दाखवू नका. अटी मला काय नवीन? नोकरीभर मीच त्या दुसऱ्यांना वाचून दाखवल्या होत्या. मी पिस्तूल विकत घेऊन कंबरेला खोचलं आणि मुकाट्यानं सदऱ्यावर जाड बंडी चढवली. एप्रिल-मे महिन्यात, वाशिमच्या उन्हात, बंडी. एसटीत लोक हसायचे. एकानं तर विचारलं, "काका, थंडी वाजून राह्यली काय?" मी म्हटलं, हो बाबा, वाजते. घामानं कंबरेला चट्टे पडले, पण वावरात एकटा जाताना मान ताठ राहायची. त्या रस्त्यानं त्याचं टिप्पर जवळून जायचं आणि मी खाली बघत नव्हतो.

मग दसरा आला, आणि माझी अक्कल गहाण पडली.

ठाण्यात दसऱ्याला शस्त्रपूजा असते. सगळ्या बंदुका, पिस्तुलं पुसून टेबलावर मांडायची, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. इतकी वर्षं ती पूजा केली, सवय हाडात मुरली होती. गावात शेतकरी त्या दिवशी विळा-कुऱ्हाड पूजतो, माझ्याकडे माझं हत्यार होतं. पाटावर लाल कापड घातलं, वर पिस्तूल ठेवलं. बायकोनं कुंकू लावलं. मनात आलं, आता हे आपलं. संध्याकाळी सोनं द्यायला लोक येऊ लागले तरी मी पाट उचलला नाही. खरं सांगतो, उचलावासा वाटलाच नाही. इतके महिने बंडीत दडपून ठेवलं होतं, चार लोकांनी पाहिलं तर बरंच वाटलं.

माझा साळाही आला होता. त्यानं मोबाईलवर फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या भाऊजीचं दसऱ्याचं सोनं'. सकाळपर्यंत तो फोटो मेडशीतून पार तिकडच्या रिठद गावापर्यंत फिरला.

पुढे जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या. परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघाला. धोका असलेल्यांना सूट मिळते, म्हणून मी अर्ज केला. ठाणेदारानं बोलावून घेतलं. माझ्या पोराच्या वयाचा. समोर तो फोटो ठेवला.

"काका, हा तुमच्याच घरचा ना?"

"पूजेचा हाये साहेब. तुमच्या ठाण्यातही झाली असंन ना पूजा?"

"ठाण्यातली सरकारी असते," तो म्हणाला. "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. छुपं पिस्तूल घेऊन फिरता, लोकांना दाखवता, एका उमेदवाराच्या जिवाला तुमच्यापासून धोका आहे."

उमेदवार कोण, हे विचारायची गरज नव्हती. रेतीवाला उभा राहिला होता. माझ्यापासून धोका म्हणून त्यानं बंदोबस्त मागितला होता आणि तो त्याला मिळालाही होता. माझं पिस्तूल ठाण्याच्या कपाटात गेलं आणि परवाना रद्द का करू नये याची नोटीस हातात आली. घरी आलो तर बायको म्हणाली, "तुमी आता एकटे वावरात जाऊ नोका." साळ्याचा फोन आला, तो मी घेतला नाही. त्याच्यावर भडकून काय उपयोग, पाट तर मीच मांडला होता.

चार-पाच दिवसांनी एसटी स्टँडवर गेलो तर रेतीवाला प्रचाराला आलेला. हात जोडत दुकानादुकानातून चालला होता. मागे कंबरेला पिस्तूल लावलेला पोलीस. चेहरा ओळखीचा निघाला. नवीन भरती झाला तेव्हा माझ्याच हाताखाली होता, माझ्या डब्यातलं जेवला होता. बरं वाटलं म्हणून मी पुढे झालो, म्हटलं विचारावं, कसा हायेस रे. मला येताना पाहून त्याचा हात पिस्तुलावर गेला.

उमेदवार हसला. "राहू दे रे," तो म्हणाला, "आता काय नाही त्याच्यापाशी."

स्टँडवरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. तो पोरगा जमिनीकडे पाहत राहिला, हात मात्र त्यानं खाली घेतला नाही. मग उमेदवार माझ्यासमोर आला, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, आपल्याकडं लक्ष असू द्या."

जन्मभर वर्दीत वावरलेल्या मी, सगळ्या गावासमोर, त्याला हात जोडले.