कोड वाचा, कळेल

शाळेत त्याला चिडवायला ‘पंडित’ म्हणायचे. पठ्ठ्यानं ते मनावर घेतलं, सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

तसा माणूस हुशार, कबूल करायलाच हवं. आईच्या कानातलं मशीन कंपनीशिवाय कुणाला जुळवता येत नसे, म्हणून यानं घरी बसून त्याचा प्रोग्राम लिहिला आणि कोडसकट जगाला फुकट देऊन टाकला. कुणीही घ्या, बदला, वापरा. पण वापरायचा कसा? तिथं मात्र साहेबांची मूठ आवळलेली. माहितीच्या पानावर एकच ओळ: ‘कोड वाचा, कळेल.’

एका शिक्षिकेनं लिहिलं होतं, ‘मशीन प्रोग्रामला दिसतच नाही. बाबांना काही ऐकू येत नाही हो. काय करू?’

पंडितनं उत्तर ठोकलं, ‘सगळं कोडमध्ये आहे. जरा तसदी घ्या.’

“अहो, दोन ओळी लिहिल्यात तर हात झिजणारेत का?” बायको म्हणाली.

“ते कारकुनाचं काम आहे,” पंडित म्हणाला.

पुढं काही वर्षांनी आईचं मशीन दुरुस्तीला गेलं आणि आतली सगळी जुळवणी पुसून कोरं होऊन परत आलं. जुना लॅपटॉप तर कधीच भंगारात गेलेला. पंडितनं नव्यावर प्रोग्राम चढवला, तर त्याला मशीन दिसेना. तेव्हा आपण काहीतरी युक्ती करायचो एवढं आठवत होतं. काय, ते आठवेल तर शपथ! मग स्वतःचाच कोड उघडला. आत ‘क’, ‘क२’, ‘खराक२’, आणि मध्येच सूचना: ‘हे काढू नका.’ का नको, ते देवाला ठाऊक.

“कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?” तो ओरडला.

“वर नाव असेल ना,” बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

इकडे आई सगळे हसले की मागून हसायची, बाकी सगळ्याला “हो हो.” एका दुपारी नातीनं विचारलं, “आजी, तू माझ्यावर रागावलीस?” आजी हसून म्हणाली, “हो हो.” पोरगी रडत आत पळाली आणि आजीला कळेचना काय झालं ते.

मग महाराज नेटवर शोधायला बसले आणि त्याच शिक्षिकेचं पान सापडलं. फोटोंसकट, अगदी स्वच्छ भाषेत. पहिलीच ओळ: ‘लेखकाला विचारू नका, उपयोग नाही.’ खाली लिहिलं होतं, ‘बॅटरीचं झाकण उघडून बंद करा आणि लगेच प्रोग्राम सुरू करा. मशीन तेव्हाच थोडा वेळ जोडून घेतं.’

झाकण उघडलं, बंद केलं. मशीन दिसलं! पंडितनं ते जुळवून आईच्या कानात बसवलं.

“अगं बाई, पंखा केवढा खडखडतोय!” आई दचकली. मग नातीला जवळ ओढून म्हणाली, “काय विचारत होतीस गं?” पोरीनं पुन्हा विचारलं. “तुझ्यावर? वेडी का काय!” आजीनं तिला कुशीत घेतलं.

पंडितनं मान खाली घालून शिक्षिकेला लिहिलं: चुकलो, तुमचं पान तुमच्या नावानं प्रोग्रामसोबत देऊ का?

उत्तर आलं, ‘जरूर द्या. मला हे उमगेपर्यंत बाबा गेले होते. निदान दुसऱ्या कुणाच्या कामी यावं म्हणून लिहून ठेवलं.’

पंडितनं स्वतःची ती एक ओळ पुसली आणि तिथं शिक्षिकेचं पान चढवलं.

“अहो, लेखकाला विचारू नका म्हणतेय ती,” बायकोनं वाकून वाचलं. “हे तरी काढा.”

“राहू दे,” पंडित म्हणाला. “खरं आहे ते.”