वजनकाट्याचं गुपित

"म्याडम कायदा वाचून राह्यल्या अन् आरोपी चहा पिऊन राह्यला. मंग अटक कोण करायची, मी?"

दाराबाहेर जमादार शिपायाला म्हणाले, मला ऐकू येईल इतक्याच हळू. तो आवाज अजून कानात आहे. उपनिरीक्षक म्हणून जालना जिल्ह्यातलं ते माझं पहिलं ठाणं. पुढे मी नोकरी सोडली. कारणं घरची होती. ती इथे लिहीत नाही.

घनसावंगीजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर, एका कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. पावती फक्त इंग्रजीत निघायची. जवळच्याच आष्टीच्या एका संगणक दुरुस्तीवाल्याने मराठी पावती देणारा स्वतःचा प्रोग्राम त्याच काट्याला जोडला. कंपनीला खबर लागली. तिचा अधिकारी ठाण्यात हजर: प्रोग्राम चोरला, कॉपीराइटचा गुन्हा नोंदवा. निरीक्षक साहेबांनी दुरुस्तीवाल्याला संगणकासह बोलावलं आणि चौकशी माझ्याकडे दिली.

"पासवर्ड कुणी देल्ता?" जमादारांनी दरडावलं.

"कुणीच न्हाई. मालकाला विचारून काट्यावर एक पोतं ठेवलं, काय आकडे निघतात ते बघितलं. मंग दुसरं ठेवलं. तरी माझा प्रोग्राम काट्याशी जुळंना, तव्हा कंपनीचा प्रोग्राम उघडून बघितला. त्यातलं घेतलं काहीच न्हाई." तो माझ्याकडे वळला. "अटक झाली तर आष्टीत मला काम कोण देईल, ताई?"

"ताई न्हाई, म्याडम म्हण," जमादार मधेच म्हणाले.

मी दोन्ही प्रोग्राम शेजारी लावून तपासले. एक ओळही सारखी नव्हती. पण मुळात उघडून बघणं हाच गुन्हा, असं कंपनीचं म्हणणं होतं. मी अधिकाऱ्याला एवढंच विचारलं, "प्रोग्राम काट्याला कसा जोडायचा, ही माहिती कुणी मागितली तर देता?"

"बिलकुल नाही," तो अभिमानाने म्हणाला. "आजवर कुणालाच दिली नाही."

तिथेच प्रकरण सुटलं. सॉफ्टवेअर रीतसर घेतलेलं असेल आणि जोडणीची माहिती सहज मिळत नसेल, तर आपला स्वतंत्र प्रोग्राम त्याला जोडण्यापुरतं ते उलगडून बघायला कायद्याची मुभा आहे. जिनिंगच्या मालकाने सॉफ्टवेअर रीतसर घेतलेलं होतं; माहिती मिळत नाही, हे फिर्यादीनेच सांगितलं होतं. आरोपीइतकंच फिर्यादीलाही नीट विचारावं, हे मी त्या दिवशी शिकले.

आता पुण्यात काचेच्या ऑफिसात बसते. सगळे हळू, सभ्य बोलतात. दुपारी वायरलेसची खरखर हवीशी वाटते, जमादारांचे टोमणेसुद्धा. माझ्या एका वाक्यावर कुणाचं घरी जाणं अवलंबून असावं, असं आता काही घडत नाही.

त्या दिवशी निरीक्षक साहेबांच्या खोलीत गेले, तेव्हा कायदा मला इंग्रजीत पाठ होता. मराठीत, साहेबांसमोर, शब्द अडकले. जमादार दारात उभे. दुरुस्तीवाला खाली बघत होता.

"बोला," साहेब म्हणाले.

मी उभी राहिले.

"साहेब, हा गुन्हा होत नाही. कराराचं भांडण असेल तर कंपनीने दिवाणी कोर्टात जावं. यांचा संगणक देऊन टाका अन् यांना घरी जाऊ द्या."